स्वराज माझदा ते सीएक्स-५ : माझदा कंपनीची गोष्ट आणि माझदावाल्यांचे अनुभव

पाटपाणी

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं नुसतं वाचतोय इथे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

सध्या आई-अण्णा आमच्याकडे न्यू जर्सीला आलेत. परवा देशी वाणसामानाच्या दुकानाबाहेर पार्किंगमधे अण्णा एका लाल गाडीपाशी थबकले, वाकून मागचं नाव अक्षर अक्षर लावत वाचलं आणि म्हणाले, "अरे ही तर आपली माझदा!" मला दोन मिनिटं कळेचना, मग लक्षात आलं. आमच्याकडे पिंपळगावला स्वराज माझदा होती, ९७ साली घेतलेली. द्राक्षाच्या सीझनला अण्णा रात्री जेवून निघायचे, कसारा घाट उतरायचा, पहाटे वाशी मार्केटला पेट्या खाली करायच्या आणि दुपारपर्यंत घरी. दर दसऱ्याला तिला झेंडूची माळ असायची आणि पहिला नारळ तिच्यासमोर फुटायचा, ट्रॅक्टरचा नंबर नंतर. माझी इंजिनिअरिंगची फी त्या गाडीनं भरली असं अण्णा सगळ्यांना सांगतात आणि ते खरंच आहे.

तर आता प्रश्न दोन. एक, आम्हाला दुसरी गाडी घ्यायचीच आहे आणि लीजवरून परत आलेली माझदाची २०२१ची सीएक्स-५ ही एसयूव्ही बघून ठेवलीय. वापरणाऱ्यांनी मनापासून सांगा कशी आहे. दोन, अण्णांनी विचारलं की ही कंपनी मूळ कुणाची, पंजाबातली ना? मला नीट सांगता आलं नाही. ज्यांना माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा, मी रात्री जेवताना त्यांना वाचून दाखवणार आहे.

जुनीचावी

पाटपाणी, अण्णांचं अर्धं बरोबर आहे. स्वराज माझदा पंजाबचीच. १९८३ साली पंजाब ट्रॅक्टर्स, म्हणजे स्वराज ट्रॅक्टरवाले, जपानची माझदा आणि सुमितोमो असे तिघं मिळून ती कंपनी निघाली. त्या काळात सरकारनं हलक्या ट्रकसाठी जपान्यांना दार उघडलं आणि एकदम चार जोड्या जमल्या: स्वराज माझदा, डीसीएम टोयोटा, ऑल्विन निसान आणि आयशर मित्सुबिशी. सगळ्यांना वाटलं आता देशी कंपन्यांचं काही खरं नाही. पण १९८६ला टेल्कोनं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सनं, ४०७ हा हलका ट्रक काढला आणि चित्र पालटलं. चारातल्या दोन जोड्या मोडल्याच, स्वराज माझदा आणि आयशर तेवढ्या तगल्या. माझदानं पुढे आपला हिस्सा सुमितोमोला दिला, २०११ला नाव बदलून एसएमएल इसुझू झालं आणि २०२५मधे ती महिंद्राकडे आली. म्हणजे आता नावात माझदा उरलं नाही, पण आमच्याकडे सांगलीला अजूनही शाळेच्या बसला लोक "माझदा" च म्हणतात, मग ती कुठल्याही कंपनीची असो.

माझदाच्या कार मात्र भारतात कधी शोरूमला आल्या नाहीत. त्यामुळे आपल्याकडे माझदा म्हणजे ट्रक आणि बाहेर माझदा म्हणजे लाल चकचकीत गाडी, असा फरक पडलाय.

रेवा_डॅलस

सीएक्स-५ बद्दल मी सांगते. आमची २०१७ची आहे, एक लाख दहा हजार मैल झालेत. वेळच्या वेळी ऑइल, दोनदा ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, बास. आधीची गाडी दुसऱ्या कंपनीची होती, नाव घेत नाही, तिचा गिअरबॉक्स साठ हजारांवर गेला आणि सर्व्हिसवाल्यानं हात वर केले, त्यामुळे सीव्हीटीची, म्हणजे पट्ट्यावर चालणाऱ्या बिनगिअरच्या ऑटोमॅटिकची, धास्ती बसली होती. सीएक्स-५ला साधा सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे, पाय दाबला की गाडी लगेच जाते, नुसतं इंजिन ओरडत बसत नाही. स्टिअरिंग जरा जड लागतं पहिले चार दिवस, मग दुसरी गाडी हातात घेतली की ती खेळण्यातली वाटायला लागते.

आतलं काम बघा नक्की. स्विच दाबताना जो आवाज होतो ना, हलकासा टक, तो सगळ्या स्विचना सारखा आहे. मी सुरुवातीला उगाचच दाबून बघायचे.

कमी काय ते पण सांगते. डिकी लहान. भारतातून पाहुणे आले की चार मोठ्या बॅगा बसत नाहीत, एक मांडीवर. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं दाटीवाटीनं. स्क्रीन चालत्या गाडीत बोटानं चालत नाही, मधल्या गोल नॉबनं फिरवायचं, नवऱ्याला ते आवडत नाही, मला आवडतं कारण रस्त्यावरची नजर हलत नाही.

घेरिया

नावाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. संस्थापकांचं आडनाव मात्सुदा, जपानीत कंपनीचा उच्चारही मात्सुदाच करतात. पण बाहेर जगात स्पेलिंग माझदा ठेवलं ते पारशी धर्मातल्या अहुर मझ्द या देवावरून. प्रकाशाचा, शहाणपणाचा देव. माझं बालपण दादरच्या पारशी कॉलनीला लागून गेलं, शेजारच्या काकी अवेस्ता म्हणताना हे नाव रोज कानावर पडायचं. गाडीच्या मागे तेच नाव आहे हे मला चाळिशीत कळलं आणि खूप बरं वाटलं. अण्णांना हे पण वाचून दाखवा.

निप्पॉनवारी

पाटपाणी, मी सहा वर्षं ओसाकात आहे आणि हिरोशिमाला तीनदा जाऊन आलोय, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

कंपनी निघाली ३० जानेवारी १९२०ला आणि काय बनवायला, तर बुचं. तोयो कॉर्क कोग्यो असं नाव. पहिल्या महायुद्धात बाहेरून कॉर्क येणं अडलं होतं म्हणून स्थानिक लोकांनी झाडाच्या सालीपासून कॉर्क बनवायचा धंदा काढला. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा प्रमुख झाले. कोळ्याच्या घरातला माणूस, पोरवयात ओसाकाला लोहाराकडे उमेदवारी केलेला, हातानं काम येणारा. १९२५ला कारखान्याला आग लागली, बरंच जळलं. त्यांनी कॉर्कच्या जोडीला यंत्रं करायची ठरवली आणि १९२७ला नावातून कॉर्क काढून टाकलं. १९३१ला पहिलं वाहन आलं, माझदा-गो नावाची तीनचाकी मालगाडी. पुढे मोटरसायकलसारखं हँडल, मागे हौदा. आपल्याकडे पुढे बजाज टेम्पोची हॅन्सीट आली ना, तिला जवळची म्हणा. कारच्या आधी तीस वर्षं ही कंपनी मालवाहू तीनचाकीवर जगली, म्हणजे अण्णांच्या धंद्यातलीच.

आता ६ ऑगस्ट १९४५. त्या दिवशी मात्सुदांचा सत्तरावा वाढदिवस होता. सकाळी सव्वाआठला बॉम्ब पडला. कारखाना फुचूला, स्फोटाच्या जागेपासून साधारण पाच किलोमीटर पूर्वेला आणि मधे हिजियामा नावाची टेकडी. ती टेकडी होती म्हणून कारखाना उभा राहिला, काचा-छपरं गेली पण भिंती राहिल्या. शहरात कामाला गेलेले कामगार मात्र गेले, मात्सुदांचा एक मुलगाही गेला. जखमी लोक चालत चालत कारखान्याच्या दवाखान्याकडे आले. शहरात सरकारी कचेरी म्हणून काही शिल्लकच नव्हतं, तेव्हा प्रांताचं सगळं सरकारच कारखान्यात हलवलं आणि १९४६च्या जुलैपर्यंत तिथूनच कारभार चालला. आणि त्या परिस्थितीत डिसेंबर १९४५मधे, म्हणजे चार महिन्यांत, त्यांनी तीनचाकी परत बनवायला घेतली. हिरोशिमा उभारायला वीट-लाकूड वाहून नेलं ते याच गाड्यांनी.

मी पहिल्यांदा हिरोशिमातल्या माझदाच्या म्युझियमला गेलो तेव्हा ती तीनचाकी समोर ठेवलेली होती, हिरवट रंगाची. सीट म्हणजे सायकलसारखी, खाली स्प्रिंगा, मागे लाकडी फळ्यांचा हौदा. मी फळ्यांकडेच बघत राहिलो. आमच्या आजोबांच्या बैलगाडीच्या फळ्यांना असेच लोखंडी पट्टे मारलेले होते.

हिरोशिमाच्या लोकांची या कंपनीवर जी माया आहे ती टोकियोत कुठल्या कंपनीबद्दल दिसत नाही. तिथला बेसबॉल संघ कार्प, त्याच्या स्टेडियमला माझदाचं नाव. १९५१ला तो संघ पैशाअभावी बंद पडायच्या बेतात होता तेव्हा मैदानाच्या दारात साकेचं, म्हणजे जपानी दारूचं, पिंप ठेवलं आणि लोकांनी त्यात चिल्लर टाकून संघ वाचवला. तो संघ आणि ही कंपनी, दोन्ही लोक आपल्या घरची मानतात.

यंत्रमानस

निप्पॉनवारी, अप्रतिम लिहिलंत. मी पुण्यात इंजिन डेव्हलपमेंटमधे आहे, त्यामुळे माझदाच्या रोटरी इंजिनावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

१९६० सालच्या सुमाराला जपान सरकारचं, म्हणजे मिती या उद्योग-व्यापार खात्याचं, म्हणणं होतं की एवढ्या कार कंपन्या नकोत, दोन-तीन मोठ्या करा आणि बाकीच्यांनी त्यांच्यात जावं. माझदानं तर १९६०लाच पहिली छोटी कार काढलेली, आर३६०. गिळंकृत व्हायचं नसेल तर दुसऱ्या कुणाकडे नाही असं काहीतरी हातात हवं. म्हणून कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदा जर्मनीला एनएसयू या गाड्यांच्या कंपनीकडे गेले आणि १९६१ला वांकेल, म्हणजेच रोटरी इंजिनचा परवाना घेऊन आले.

हे इंजिन कसं ते साध्या शब्दात सांगतो. आपल्या नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो. यात पिस्टनच नाही. भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग असते ना, मधे किंचित दबलेली, तशा आकाराची पोकळी आणि तिच्यात फुगीर बाजूंचा त्रिकोण गरगर फिरतो. त्रिकोणाची तीन टोकं कायम भिंतीला घासत असतात, त्यामुळे तीन कप्पे होतात, एकात हवा-पेट्रोल येतंय, एकात दाबलं जातंय नाहीतर पेटतंय, एकातून धूर जातोय. व्हॉल्व्ह नाहीत, भाग कमी, वजन कमी, आवाज शिवणाच्या मशीनसारखा गोड.

गोम त्या तीन टोकांत. तिथे बारीक पट्ट्या असतात, एपेक्स सील. त्या फिरताना थरथरायच्या आणि भिंतीवर ओरखड्यांच्या आडव्या लाटा उठायच्या, पत्र्याच्या पन्हाळीसारख्या. जपान्यांनी त्याला सैतानाच्या नखांचे ओरखडे असं नाव ठेवलं होतं. केनिची यामामोतो यांच्या हाताखाली सत्तेचाळीस इंजिनिअर दिले, त्यांना जपानी कथेतले सत्तेचाळीस रोनिन, म्हणजे धनी नसलेले सामुराई, म्हणायचे. वेगवेगळ्या धातूंचे, वेगवेगळ्या आकारांचे सील करून बघितले. शेवटी पट्टीचीच थरथरण्याची लय बदलली पाहिजे हे सापडलं आणि गाडीसाठी कार्बन आणि ॲल्युमिनियम मिळून केलेली पट्टी वापरली. माझा स्वतःचा अनुभव सांगतो, टेस्ट बेंचवर एक कंपन शोधायला आम्हाला सात महिने लागले होते आणि आमच्याकडे कॉम्प्युटर होते. त्या लोकांकडे स्लाइड रूल आणि कान.

मे १९६७ला माझदाची रोटरी गाडी कॉस्मो स्पोर्ट आली, दोन रोटर, ४९१ सीसीचा एकेक, ११० हॉर्सपॉवर. पुढच्या वर्षी जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगला ८४ तासांच्या शर्यतीत दोन गाड्या उतरवल्या, एक मधेच गळाली आणि दुसरी चौथी आली. खुद्द एनएसयूची रोटरी गाडीही कॉस्मोच्याच वर्षी, १९६७ला आली होती, तिची इंजिनं वॉरंटीत बदलून देता देता ती कंपनी कंगाल झाली आणि ऑडीच्या पोटात गेली. ज्यांनी शोध लावला ते बुडाले आणि ज्यांनी उधार घेऊन चिकाटी धरली ते टिकले, हे मला फार मोठं वाटतं.

पण १९७३चं तेलसंकट आलं आणि रोटरी पडली पेट्रोल पिणारी. अमेरिकेत विक्री कोसळली, कंपनी सुमितोमो बँकेच्या हातात गेली. कामगारांना काढलं नाही, शोरूममधे गाड्या विकायला पाठवलं. वेल्डिंग करणारा माणूस टाय लावून दारोदार गाडी विकतोय, विचार करा. १९७९ला फोर्डनं चौथा हिस्सा घेतला, तोपर्यंत आरएक्स-७ ही रोटरीची स्पोर्ट्स कार आली होती आणि रोटरी पुन्हा उभी राहिली.

लालमाती

आणि १९९१चं ल मां! माझ्या बापाची ती आवडती गोष्ट, माझीही. चोवीस तासांची शर्यत, माझदाची ५५ नंबरची ७८७बी, केशरी-हिरवी, चार रोटरचं सातशे हॉर्सपॉवरचं इंजिन. वाइडलर, हर्बर्ट, गाशो तिघं चालवणारे. मर्सिडिस पुढे होती, शेवटच्या काही तासांत ती बसली आणि माझदा पुढे गेली, ३६२ फेऱ्या. मागे तीन जॅग्वार. जॉनी हर्बर्टनं शेवटचा टप्पा सलग ओढला आणि उतरल्यावर पाण्याविना कोसळला, बक्षिसाला वर उभा राहायलाही जाता आलं नाही. जपानी कंपनी तिथे पहिल्यांदा जिंकली आणि पुढे टोयोटा २०१८ला जिंकेपर्यंत दुसरी कुणी जिंकली नाही. नंतर इंजिन खोललं तर आतून धडधाकट होतं. त्या गाडीचा आवाज एकदा हेडफोन लावून ऐका, मी शब्दात नाही सांगू शकत.

कावेरी_मेलबर्न

माझ्याकडे माझदाची एमएक्स-५ आहे, पहिल्या पिढीतली, झाकणासारखे उघडणारे दिवे असलेली. दोन सीट, डिकीत एक पिशवी. लोक विचारतात काय उपयोग. शनिवारी पहाटे साडेपाचला मी आणि लेक निघतो, लॉर्न ते अपोलो बे समुद्राच्या कडेचा रस्ता, छप्पर उघडं. गिअरची दांडी एवढीशी आहे की मनगट हललं की गिअर पडतो, खांदा हलवावा लागत नाही. हातात गिअर बसल्याचं कळतं, पेन्सिल बॉक्स बंद केल्यासारखं.

कंपनी याला जिंबा इत्ताई म्हणते, घोडा आणि स्वार एक. आपल्याकडे यासाठी चांगला शब्द आहे, मांड. मांड पक्की बसली की घोड्याला लगाम ओढून सांगावं लागत नाही. मला ही गाडी चालवताना तोच शब्द आठवतो, माझे पणजोबा घोड्यावरून वसुलीला जायचे, आजी सांगायची.

१९८९ला शिकागोच्या प्रदर्शनात आली तेव्हा असल्या छोट्या उघड्या गाड्या जवळपास सगळ्यांनी बंद केलेल्या होत्या. कल्पना मुळात बॉब हॉल या अमेरिकन पत्रकाराची, त्यानं १९७९ला यामामोतोंना सांगितली होती. हेच ते रोटरीवाले यामामोतो, पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. एप्रिल २०१६ला दहा लाखावी गाडी बाहेर पडली.

व्यवहार_चोख

सगळं वाचलं, आवडलं, पण पाटपाणींना गाडी घ्यायची आहे, म्युझियम नाही. म्हणून थोडं कोरडं लिहितो.

२०२१च्या बिनटर्बो सीएक्स-५ ऑल व्हील ड्राइव्हचं अधिकृत ॲव्हरेज गॅलनला २६ मैल आहे. टोयोटाच्या त्याच वर्षीच्या आरएव्ही४ हायब्रिडचं ४०. तुमचं वर्षाला पंधरा हजार मैल होत असेल तर पेट्रोलचा फरक मोठा पडतो, गुणाकार करून बघा. हायब्रिड माझदाला हवी असेल तर सीएक्स-५० बघा, ती अलाबामात टोयोटाबरोबरच्या सामाईक कारखान्यात बनते आणि त्यातलं हायब्रिड टोयोटाचंच आहे. टोयोटाकडे माझदाचा पाच टक्के हिस्साही आहे २०१७पासून. ही छोटी कंपनी आहे, वर्षाला बारा-तेरा लाख गाड्या, टोयोटा एक कोटीच्या आसपास. छोट्या कंपनीला सगळ्या आघाड्यांवर पैसा पुरत नाही. १९९०च्या आसपास त्यांनी जपानात पाच वेगवेगळी शोरूम-नावं काढली आणि अंगाशी आलं, फोर्डनं १९९६ला हिस्सा ३३.४ टक्क्यांवर नेऊन सावरलं.

जुन्या माझदांना, थंडीत मीठ टाकतात त्या भागात, मागच्या चाकांच्या वर गंज धरायचा असं मेकॅनिक सांगतात. २०२१ची घेताना लिफ्टवर चढवून खालून बघा, सगळ्याच गाड्यांचं बघावं.

यंत्रमानस

व्यवहार_चोख, पेट्रोलचं पटलं. पण एक भर घालतो. फोर्ड २००८नंतर हिस्सा विकत बाहेर पडत गेला आणि ही कंपनी एकटी पडली, तेव्हा सगळे हायब्रिड आणि बारीक टर्बोकडे पळत होते. यांनी साधं पेट्रोल इंजिनच पहिल्यापासून नवं केलं, स्कायॲक्टिव्ह. कॉम्प्रेशन रेशो १४ला १, अमेरिकेत १३. पेट्रोल इंजिनात एवढा दाब दिला की ठोके यायला लागतात, त्यासाठी त्यांनी एक्झॉस्टचे पाइप लांब करून चारातून दोन, दोनातून एक असे जुळवले की गरम धूर परत आत ढकलला जाणार नाही. २०१२ची पहिली सीएक्स-५ त्यातूनच आली. इंजिनवाल्या माणसाला विचाराल तर मला त्या लाल रंगापेक्षा तो पाइप बघायला जास्त आवडतो.

आणि रोटरी अजून सोडलेली नाही. आरएक्स-८ २०१२ला बंद झाली, पण २०२३ला एमएक्स-३०मधे एक रोटर ८३० सीसीचा परत आला, चाकं फिरवायला नाही, बॅटरी चार्ज करायला.

पाटपाणी

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन रात्री वाचन चाललं. अण्णांनी टेकडीचा भाग दोनदा वाचायला लावला. कारखान्यातून सरकार चाललं हे ऐकून म्हणाले, किल्लारीला भूकंपानंतर आम्ही माल घेऊन गेलो होतो, शाळेच्या पटांगणात तहसील बसलं होतं. हे त्यांनी मला आधी कधी सांगितलं नव्हतं.

शनिवारी गाडी बघून आलो. व्यवहार_चोख, तुमचं ऐकून लिफ्टवर चढवली. मेकॅनिकच्या आधी अण्णाच खाली गेले, टॉर्च घेऊन, बुशिंग दाबून बघितले, सायलेन्सरवर बोट फिरवलं, गुडघ्यावरची धूळ झटकत म्हणाले "चांगली ठेवलीय कुणीतरी". पेट्रोलचा हिशोब बायकोनं मांडला, आमचं वर्षाला सात हजार मैलच होतं, म्हणून सीएक्स-५च घेतली. डिकीत दोन बॅगा आणि आईची खोबरेल तेलाची पेटी बसते, बास झालं.

येताना अण्णा पुढे बसले होते. एका चढाला गाडीनं आपणहून गिअर खाली घेतला तसं त्यांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला, कसाऱ्याच्या चढाला ठेवायचे तसाच, आणि घर येईपर्यंत काढला नाही.

निप्पॉनवारी, परतीच्या प्रवासात अण्णांना ओसाकामार्गे नेता येईल का बघतोय. म्युझियमला बुकिंग आधी करावं लागतं का?

निप्पॉनवारी

हो, आधीच करा, ऑनलाइन होतं आणि पैसे पडत नाहीत. इंग्रजीतून माहिती देणारी वेळ निवडा. हिरोशिमा स्टेशनवरून लोकलनं दुसरं स्टेशन मुकाइनादा, तिथून चालत. ओसाकाहून शिंकान्सेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं, हिरोशिमा दीड तास. ५५ नंबरची ती केशरी-हिरवी गाडी तिथेच ठेवलीय. तारीख कळवा, मी सुट्टी टाकतो, अण्णांना तीनचाकी मी दाखवतो.

लालमाती

फोटो टाका इथे, तीनचाकीपाशी अण्णा उभे असलेला.